हाताच्या आवाक्याबाहेरचा पंप

पेट्रोलपंप म्हटले की रस्त्याच्या कडेचे ते ठिकाण आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. आजचा आपला विषय तो नव्हे. बहुतेक जुन्या मोटारींच्या पोटात, ओंजळीत मावेल एवढा, आणखी एक पंप असतो. टाकीतील पेट्रोल उचलून इंजिनाच्या तोंडाशी नेऊन देणे, एवढेच त्याचे काम. तो चालतो तोवर त्याची कोणाला आठवण होत नाही. तो थांबला की लाखमोलाची मोटारही जागच्या जागी उभी राहते.

या चिमुकल्या पंपाचा इतिहास सांगण्यास धार आणि देवास यांच्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. पवारांची ही दोन ठिकाणे. मराठी घराण्यांनी माळव्यात वाढविलेली. त्यातही देवासचा प्रकार आगळा. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदत होती, आणि त्यांची हद्द भर वस्तीतून जात असे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार हे संस्थानिकांच्या इतमामाचे लक्षण ठरले, आणि हत्ती-घोड्यांच्या जोडीने मोटारखाना हे नवे खाते दरबारात उघडले गेले.

या खात्याचा एक कारभारी पुढे जगप्रसिद्ध झाला. १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव म्हणून देवासला काही महिने राहिले. त्यांच्याकडे सोपविलेल्या कामांत बागा, टेनिसची मैदाने, अतिथिगृह, वीजघर आणि मोटारी यांचा समावेश होता. लेखणीच्या माणसाकडे यंत्रांचा कारभार! या वास्तव्याची हकीकत त्यांनी १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात प्रसिद्ध केली. फॉर्स्टरसाहेबांचे नाव त्यामुळे राहिले. बॉनेटखाली वाकून मोटारी चालत्या ठेवणाऱ्या त्या काळच्या मिस्त्रींची नावे मात्र इतिहासाने टिपून ठेवली नाहीत.

त्या मिस्त्रींपुढे प्रश्न कोणता होता? पाणी जसे उतारानेच वाहते, तसेच पेट्रोलही. आरंभीच्या मोटारींनी या नियमाचाच आधार घेतला. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ची टाकी बैठकीखाली असे आणि पेट्रोल आपल्या वजनानेच इंजिनाकडे उतरे. पंपाची गरजच नव्हती. परंतु टाकीत पेट्रोल थोडे उरले आणि पुढे उभा चढ आला, तर इंजिन टाकीहून उंच जाई व त्याचा घास तुटे. मग चालक मोटार फिरवून उलट्या गिअरमध्ये चढ चढवीत. मांडूची खोरी किंवा माळव्याच्या पठारावर येणारे घाट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या युक्तीचे मोल सांगावयास नको.

मोठ्या मोटारींची टाकी मागे आणि खाली गेली, तेव्हा पेट्रोल वर चढविणे भाग पडले. प्रथम हातपंपाने टाकीत हवा भरून तिच्या दाबाने पेट्रोल पुढे ढकलीत. पुढे इंजिनाच्याच ओढीचा उपयोग करणारी निर्वात टाकी आली. ती सपाट रस्त्यावर चोख काम करी. पण लांब चढावर चालकाने इंजिनाला पूर्ण मोकळीक दिली की नेमकी तीच ओढ मंदावे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस पडद्याचा यांत्रिक पंप सर्रास झाला. इंजिनाच्या दांड्यावरील उंचवटा एका तरफेला हलवतो, तरफ पडदा खाली ओढते, स्प्रिंग तो वर ढकलते, आणि दोन झडपा पेट्रोलला मागे फिरू देत नाहीत. ए. सी. या कंपनीच्या नावावरून आपली गॅरेजे त्याला ‘एसी पंप’ म्हणू लागली. तो इंजिनाच्या कुशीला दोन बोल्टांवर बसे. बॉनेट उघडले, पाना लावला की पंप हातात.

त्यालाही एक दोष होता. इंजिनाला चिकटून बसल्यामुळे तो तापे, आणि वैशाखातील उन्हात नळीतील पेट्रोलची वाफ होऊन वाट कोंडे. यावर उपाय म्हणून १९३० च्या सुमारास इंग्लंडातील एस. यू. कंपनीने विजेच्या पंपाचा पुरस्कार केला. तारेच्या वेटोळ्यात वीज आली की पडदा ओढला जातो. संपर्कबिंदू उघडले की स्प्रिंग तो परत ढकलते. किल्ली फिरविताच ऐकू येणारी ‘टिक्‌टिक्’ हीच त्याची नाडी. असा पंप इंजिनापासून दूर, थंड जागी, टाकीजवळ ठेवता येतो. इथेच त्याच्या सोयीची आणि गैरसोयीची गाठ पडली.

एम. जी. या प्रसिद्ध इंग्रजी स्पोर्ट्स मोटारीचे उदाहरण घ्या. १९४५ साली निघालेल्या ‘टी. सी.’ नमुन्यात हा पंप बॉनेटखालीच, आडव्या पत्र्यावर, समोर दिसे. १९६२ साली आलेल्या ‘एम. जी. बी.’मध्ये तो उजव्या मागच्या चाकाजवळ, गाडीच्या पोटाखाली गेला. तो बदलावयाचा तर आधी बॅटरीची जोडणी सोडवावी लागते, कारण पेट्रोलपाशी ठिणगी म्हणजे मृत्यूला आमंत्रण. मग गाडी उचलून भक्कम टेकूंवर ठेवावयाची (नुसत्या जॅकवर कदापि नव्हे), चाक काढावयाचे, टाकीकडील नळीचे तोंड बंद करावयाचे, आणि उताणे पडून, डोळ्यांना न दिसणारे बोल्ट बोटांनी चाचपून सोडवावयाचे. शिवाय १९६७ पर्यंतच्या या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आजचा इलेक्ट्रॉनिक पंप हे न पाहता जोडला, तर नवा पंप क्षणात जळतो. पंप अडला की अनुभवी चालक त्याला हलकेच टोला देत. चिकटलेले बिंदू सुटत आणि गाडी घरी पोचे. ती तात्पुरती मलमपट्टी होती, तो इलाज नव्हे.

या साऱ्या इतिहासाचा अर्थ काय? पंप जसजसा सुधारत गेला, तसतसा तो दुरुस्त करणाऱ्याच्या हातापासून दूर गेला. आज तर बहुतेक मोटारींत तो टाकीच्या आतच बुडालेला असतो आणि बिघडला की संबंध भागच बदलला जातो. नव्या मोटारीचे यात फारसे बिघडत नाही. जुन्या मोटारीचे मात्र सर्वस्व अशाच दुरुस्तीवर अवलंबून आहे.

धार आणि देवास यांच्या मधोमध वसलेल्या इंदूरच्या यशवंतराव होळकर महाराजांसाठी १९३५ साली लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी अमेरिकन ड्युसेनबर्ग मोटारीवर साज चढविला. तिची छायाचित्रे आजही जगभर नावाजली जातात. १९४८ साली ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली, १९७१ साली तनखे गेले, आणि मोटारखान्यांचा राजाश्रय संपला. उरलेल्या जुन्या मोटारींपुढे आज नवे संकट आहे. २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोचले. इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना आणि पंपाच्या पडद्याला मानवत नाही. इथेनॉल सोसणारे पडदे आणि नळ्या मिळू शकतात. पण ते कोठे व कसे बसवावयाचे, हे जाणणारा हात बाजारात विकत मिळत नाही.

आणि तो हात घडविण्यास याहून योग्य प्रदेश तरी कोणता? देवासला किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना आहे. धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे मोटारींचे कारखाने तर आहेतच, शिवाय २०२१ साली तेथे ११.३ किलोमीटर लांबीचा वेगचाचणीचा मार्ग खुला झाला. पंप घडविणारे आणि मोटारी घडविणारे, दोघेही जुन्या पवारांच्या मुलुखात शेजारी नांदतात. तेथल्या तंत्रशाळांतील मुलांपुढे एखाद्या म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावून जुना पंप उलगडावयास सांगितले, आणि तो काय करतो ते कोणी वहीत उतरून घेतले, तर फार मोठा खर्च येणार नाही.

राजवाड्यांची डागडुजी करताना आपण गवंड्याला शोधतो. मोटार हीदेखील गतकाळाची वास्तूच आहे, आणि काचेच्या दालनात उभी केलेली मोटार म्हणजे मुका पडलेला तंबोरा. तिचा पंप पुन्हा ‘टिक्‌टिक्’ करू लागला, तरच तो इतिहास जिवंत म्हणावयाचा. ते ज्यांच्या बोटांना ठाऊक आहे, त्यांच्यापाशी आपण वेळेवर जाऊन बसले पाहिजे.