शर्यत जगाभोवतीची, झुंज वेळापत्रकाशी

अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर 'द अमेझिंग रेस' या मालिकेचा पहिला भाग ५ सप्टेंबर २००१ रोजी दाखविण्यात आला. त्यानंतर सहाच दिवसांनी न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवर दहशतवादी हल्ले झाले आणि विमानप्रवासाकडे पाहण्याची साऱ्या जगाची दृष्टीच बदलली. प्रवास हाच जिचा विषय आणि विमानतळ हेच जिचे रणांगण, त्या मालिकेच्या वाट्याला याहून वाईट मुहूर्त येणे शक्य नव्हते. तरीही मालिका तगली. आजवर तिची ३५ हून अधिक पर्वे झाली आहेत. रिॲलिटी स्पर्धांसाठीचे एमी पारितोषिक २००३ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून सलग सात वर्षे ते या मालिकेने पटकावले आणि पुढे आणखी तीनदा मिळविले. भारतातील प्रेक्षकांना ती एएक्सएन वाहिनीमुळे परिचयाची झाली.

मूळ कल्पना साधी आहे. एकमेकांशी नाते असलेल्या दोघादोघांच्या, साधारणतः ११ जोड्या अमेरिकेतून निघतात, निरनिराळ्या देशांत नेमून दिलेली कामे करीत पृथ्वीप्रदक्षिणा घालतात आणि अमेरिकेतच परततात. प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस विश्रामस्थळी, म्हणजे 'पिट स्टॉप'वर, शेवटी पोहोचणारी जोडी सहसा बाद होते. सर्वांत आधी अंतिम रेषा गाठणाऱ्यांना १० लाख डॉलर मिळतात. बर्ट्राम व्हॅन मन्स्टर आणि एलिस डोगानिएरी हे पतिपत्नी या मालिकेचे जनक, तर न्यूझीलंडचे फिल कोगन पहिल्या पर्वापासूनचे सूत्रसंचालक. पडद्यावर दिसतात त्या उंचावरून मारलेल्या उड्या, गिळता न गिळवणारे पदार्थ आणि जोडीदारांमधील भांडणे. स्पर्धेचा निकाल मात्र पुष्कळदा याहून रुक्ष ठिकाणी लागतो. तो लागतो तिकिटाच्या खिडकीवर.

स्पर्धकांना प्रत्येक टप्प्याच्या आरंभी एका लिफाफ्यात पुढील ठिकाणाचा निर्देश आणि थोडी रोकड मिळते. ही रक्कम टप्प्यागणिक बदलते आणि टॅक्सी, जेवण, प्रवेशशुल्क असा सारा खर्च तीतच भागवावा लागतो. विमानाच्या तिकिटांसाठी निर्मात्यांनी दिलेले क्रेडिट कार्ड असते, मात्र तिकीट साध्या, म्हणजे इकॉनॉमी वर्गाचेच काढण्याची सक्ती असते. मोबाइल जवळ बाळगता येत नाही. वाटेत भेटलेल्या एखाद्या प्रवाशाने आपणहून फोन वापरू दिला, तर गोष्ट वेगळी. पहिल्या पर्वांतील बरीचशी चुरस या नियमांतून उभी राहिली. एकाच शहरी जायचे असताना एक जोडी थेट विमानाच्या रांगेत उभी राही, दुसरी ट्रॅव्हल एजंटचे दार ठोठावी, तर तिसरी भलत्याच देशातून जाणारे, दोनदा बदलावे लागणारे पण दोन तास आधी पोहोचणारे विमान शोधून काढी. अशा आडवळणात पहिले विमान पाऊण तास उशिरा सुटले, की दुसरे हुकले आणि सगळा डाव उलटला.

या धावपळीत प्रेक्षकाच्या सहसा ध्यानात न येणारी एक अडचण असते. जोडी दोघांची दिसली तरी प्रवासी चार असतात. प्रत्येक जोडीबरोबर एक कॅमेरामन आणि एक ध्वनिमुद्रक सतत असतो. विमानात दोनच जागा शिल्लक असतील, तर त्या असून नसल्यासारख्या. चार जागा एकत्र मिळाल्याखेरीज जोडीला निघता येत नाही. टॅक्सीही चौघांना आणि त्यांच्या सामानाला पुरेल अशीच शोधावी लागते. स्पर्धकाच्या पुढे पाठमोरे धावणाऱ्या, जड कॅमेरा खांद्यावर पेलणाऱ्या या माणसांना कोणतेही बक्षीस नसते. त्यांच्यात आणि स्पर्धकांत जवळीक वाढून कुणाला झुकते माप मिळू नये, म्हणून विश्रामस्थळी त्यांची अदलाबदल केली जाते. २००५ च्या सातव्या पर्वात बोट्सवानातील कच्च्या रस्त्यावर एका जोडीची गाडी उलटली. त्यात स्पर्धक बचावले, पण कॅमेरामनला दुखापत झाली. पडद्यावर ज्यांचा चेहराही दिसत नाही, तेही या शर्यतीत तितकाच धोका पत्करतात, हे त्या दिवशी प्रेक्षकांना कळले.

निर्मात्यांची शर्यत निराळीच. स्पर्धक येण्याआधी प्रत्येक ठिकाणी कामाची मांडणी झालेली हवी, सरकारी परवाने हाती हवेत, लाल-पिवळी निशाणे लागलेली हवीत आणि सूत्रसंचालक चटईजवळ उभा हवा. पहिली जोडी पोहोचण्यापूर्वी तेथे हजर राहायचे, शेवटची येईपर्यंत थांबायचे आणि पुन्हा पहिलीच्या आधी पुढचा देश गाठायचा, हा कोगन यांचा दिनक्रम स्पर्धकांहून फारसा सुखाचा नाही. तीनचार आठवड्यांत चित्रण आटोपते, मात्र त्यासाठीची पाहणी कितीतरी आधी सुरू होते. मार्ग आखताना राजकारणाचेही भान ठेवावे लागते. व्हिएतनाममध्ये लाल-पिवळ्या निशाणांऐवजी पिवळी-पांढरी वापरली गेली. लाल पट्ट्यांचा पिवळा ध्वज हा जुन्या दक्षिण व्हिएतनामचा, आणि तेथील आजच्या राजवटीत तो फडकल्यासारखा दिसणे परवडणारे नव्हते.

स्पर्धकांना मोकळे सोडले, तर काय होते याचा धडा निर्मात्यांना पहिल्याच पर्वात मिळाला. न्यूयॉर्कहून निघालेली ती शर्यत आफ्रिका आणि युरोप ओलांडून भारतात दिल्ली, आग्रा, बिकानेर अशी फिरली आणि थायलंड, चीनमार्गे अलास्काला गेली. तोवर जोड्यांमधील अंतर इतके वाढले होते, की विजेते न्यूयॉर्कमध्ये अंतिम रेषा ओलांडत असताना तिसऱ्या क्रमांकाची जोडी अलास्कातच होती. शर्यत संपल्याचे तिला तेथेच कळले. एखादे विमान हुकले की एक दिवस जातो, आणि गेलेला दिवस पुढे सहसा भरून निघत नाही. दूरचित्रवाणीच्या दृष्टीने ही आपत्तीच. अंतिम फेरीत तीन जोड्या एकमेकींच्या पाठीवर असल्या, तरच प्रेक्षक खुर्चीला खिळतो.

त्यावर शोधलेला उपाय साधा, पण अंमळ लबाड आहे. पुढचा निर्देश अशा जागी ठेवायचा, की जी सकाळी नऊला उघडते. रात्री दोनला पोहोचलेली जोडी आणि पहाटे पाचला आलेली जोडी, दोघीही बंद दारापाशी एकत्र बसतात आणि तीन तासांची कमाई शून्यावर येते. कधी दिवसातून एकच विमान जाते, अशा ठिकाणी सर्वांना पाठवायचे, तर कधी कोणत्या विमानांतून जायचे हे निर्देशातच लिहून टाकायचे. विश्रामस्थळी ठरलेली विश्रांती, पूर्वीच्या पर्वांत बहुधा १२ तासांची, हाही याच हिशेबाचा भाग. जोडी ज्या वेळी पोहोचली, त्यानंतर नेमक्या तेवढ्या तासांनी तिला निघायचे असते. त्यामुळे मिळवलेली आघाडी कागदावर शाबूत राहते आणि पहिल्या बंद दाराशी विरघळून जाते. मेहनतीने मिळविलेली आघाडी अशी पुसली जाणे अन्यायाचे आहे, ही तक्रार चाहत्यांत जुनी आहे आणि ती खोटी नाही. पण या उपायाविना मालिका तिसऱ्या पर्वापर्यंतही पोहोचली असती की नाही, याची शंकाच आहे.

अर्थात, सगळेच आखलेल्या चौकटीत घडते असे नाही. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण सातव्या पर्वाच्या अंतिम टप्प्यात पाहावयास मिळाले. हे पर्व पेरू, चिली, अर्जेंटिना, दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना असे फिरून लखनौ आणि जोधपूरला आले आणि तुर्कस्तान, लंडनमार्गे जमैकात पोहोचले. ह्यूस्टनचे उचेना आणि जॉईस हे दांपत्य तेथे शेवटी आले. तो टप्पा कुणालाही बाद न करण्याचा होता, म्हणून ते वाचले, पण नियमानुसार त्यांचे सारे पैसे आणि सामान काढून घेण्यात आले. अंगावरचे कपडे आणि पासपोर्ट एवढ्यानिशी ते पुढे निघाले. पोर्टो रिकोतील सॅन हुआनच्या विमानतळावर मायामीचे विमान पकडायला ते पोहोचले, तेव्हा विमानाचे दार बंद होऊन त्याला जोडलेला पूलही मागे घेतला गेला होता. त्यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी, 'सर्व्हायव्हर'मुळे आधीच नावाजलेले रॉब आणि अँबर, आत बसले होते. पती-पत्नीने विनवण्या केल्या. वैमानिकाने अनुमती दिली, पूल पुन्हा जोडला गेला आणि दार उघडले. शर्यतीच्या कोणत्याही नियमात न बसणारा आणि कोणत्याही नियमाने न रोखलेला हा प्रसंग. ते विमान सुटले असते, तर निकाल तेथेच लागला असता.

पुढचा प्रसंग याहून विलक्षण. अंतिम रेषेच्या दाराशी टॅक्सी थांबली, तेव्हा भाडे देण्याइतके पैसे त्यांच्याजवळ नव्हते. भाडे न देता पुढे जाणे नियमात बसत नव्हते. दहा लाख डॉलर काही पावलांवर असताना हे दोघे रस्त्यावरच्या लोकांपुढे डॉलर-दोन डॉलरसाठी हात पसरत होते आणि मागून प्रतिस्पर्धी कोणत्याही क्षणी येण्याची शक्यता होती. भाडे चुकते झाले, मगच ते धावले आणि जिंकले.

टॅक्सी हा या मालिकेतील एक स्वतंत्र अध्यायच म्हणायला हवा. गाडी कोणती मिळेल, चालकाला पत्ता ठाऊक असेल का, त्याला इंग्रजी येईल का, यांवर कितीएक जोड्यांचे भवितव्य ठरले आहे. वाटेत थांबून पानवाल्याला वा दुसऱ्या चालकाला रस्ता विचारणे आपल्याकडे रीतीचे, पण घाईत असलेल्या अमेरिकन स्पर्धकाला तो वेंधळेपणा वाटतो. मग त्याचा आवाज चढतो आणि दोष चालकाच्या माथी येतो. संकलनातही चालकाची बाजू क्वचितच ऐकू येते. मालिकेत खटकण्याजोगे जे काही आहे, त्यात याचा क्रम वरचा लागेल. परक्या शहरात पत्ता अचूक न सांगता येणारा प्रवासी आणि तो समजून घेण्यासाठी धडपडणारा चालक, यांत चूक कोणाची हे पडद्यावर फार लवकर ठरवले जाते.

पासपोर्टची गोष्ट आणखी कठोर. २००९ च्या पंधराव्या पर्वात कंबोडियातील नॉम पेन्ह येथे दोन मित्रांची जोडी विश्रामस्थळी सर्वांत आधी पोहोचली, पण एकाचा पासपोर्ट वाटेत हरवला होता. तो शोधण्यासाठी त्यांना माघारी धाडण्यात आले, तो सापडला नाही आणि पहिल्या आलेल्या जोडीलाच बाद व्हावे लागले. याउलट २०११ च्या एकोणिसाव्या पर्वात लॉस एंजेलिसमधून निघतानाच एका स्पर्धक महिलेचा पासपोर्ट पेट्रोल पंपावर पडला. तो ज्याच्या हाती लागला, त्याने ट्विटरवर त्याची वार्ता दिली आणि तेथून मिळालेल्या सल्ल्यावरून तो विमानतळावर नेऊन पोहोचवला. एका अनोळखी माणसाच्या भल्या वागण्यावर तैवानला जाणारी जोडी तरली.

मुंबईला या साऱ्याचे नावीन्य वाटण्याचे कारण नाही. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतील फिलियस फॉग ८० दिवसांच्या पैजेवर निघाला, तेव्हा तो वेळापत्रकाच्या दोन दिवस आधी मुंबई बंदरात उतरला आणि त्याच संध्याकाळी रेल्वेने कलकत्त्याच्या दिशेने निघाला. अलाहाबादपूर्वी लोहमार्ग तुटलेला असल्याचे कळल्यावर त्याने भलीमोठी किंमत मोजून हत्ती विकत घेतला. गंमत अशी, की मुंबई-कलकत्ता लोहमार्ग १८७० मध्येच जोडला गेला होता आणि कादंबरी १८७२ मध्ये प्रसिद्ध होऊ लागली. मार्गातील ती फट व्हर्नला कथेसाठी हवी होती. 'अमेझिंग रेस'चे निर्माते बंद दारे मांडून ठेवतात, ती याच गरजेपोटी. त्यांचे स्पर्धक २००३ च्या चौथ्या पर्वात नेदरलँड्सहून मुंबईत उतरले आणि पुढे केरळकडे गेले.

या पद्धतीला सर्वांत मोठा तडाखा बसला तो करोनाच्या साथीने. ३३ व्या पर्वाचे चित्रण फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाले आणि लंडन, स्कॉटलंड एवढे होताच महिनाअखेरीस ते थांबवून सर्वांना घरी पाठविण्यात आले. ते पुन्हा सुरू झाले सप्टेंबर २०२१ मध्ये, म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळाने. चार जोड्या परत येऊ शकल्या नाहीत, म्हणून आधी बाद झालेल्या दोन जोड्यांना पुन्हा बोलावण्यात आले. उर्वरित मार्ग स्वित्झर्लंड, फ्रान्स, ग्रीस आणि पोर्तुगाल असा युरोपापुरताच राहिला. प्रवासासाठी निर्मात्यांनी संपूर्ण विमानच भाड्याने घेतले. स्पर्धक आणि चित्रण करणारी मंडळी एकत्र चढत, एकत्र उतरत. जमिनीवरही टॅक्सीची जागा बहुतेक ठिकाणी स्वतः चालवायच्या गाड्यांनी घेतली.

संसर्ग टाळण्यासाठी हे आवश्यक होते, यात वाद नाही. पण त्याबरोबर तिकिटाची खिडकी गेली, रांग गेली, रागावलेली आणि सदय अशी दोन्ही प्रकारची विमान कंपन्यांची माणसे गेली. कामे पूर्वीइतकीच अवघड आणि देखावे पूर्वीइतकेच सुंदर होते, तरीही काहीतरी उणे असल्याचे जाणवत होते. २०२२ चे ३४ वे पर्वही भाड्याच्या विमानानेच झाले. २०२३ मध्ये दाखविलेल्या ३५ व्या पर्वात मात्र सामान्य प्रवाशांच्या विमानांतून होणारा प्रवास परतला. त्या पर्वाचा मार्ग लॉस एंजेलिसहून थायलंड आणि व्हिएतनाममार्गे जयपूरला आला आणि पुढे युरोपातून फिरून सिएटलला संपला.