शिडाच्या वाटेने

माजिवडा नाक्यावर नाशिकचा महामार्ग आणि घोडबंदर रस्ता एकमेकांना मिळतात. रात्रंदिवस वाहनांची रीघ असते. इथून थोड्याच अंतरावर बाळकुम-कोलशेतची खाडी आहे आणि एके काळी खरा नाका तिथे होता, हे त्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला सांगून पटणार नाही. कल्याणकडून आलेली उल्हास नदी या परिसरात दोन वाटांनी फुटते. एक वाट घोडबंदरवरून वसईच्या समुद्राला मिळते, दुसरी ठाण्याला वळसा घालून मुंबईच्या बंदरात उतरते. शिडाच्या होड्यांना या दोन्ही वाटा तोंडपाठ होत्या.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारी माणसे. इतिहासाच्या तासाला एक गोष्ट वारंवार जाणवते. मुसलमान म्हणजे खैबर खिंडीतून घोड्यावर बसून आलेला, हे चित्र इतरांच्याच काय, आपल्या मुलांच्या मनातही घट्ट बसले आहे. कोकणी मुसलमानांचा इतिहास मात्र खाडीच्या पाण्यावरून आलेला आहे. तो समजून घ्यायचा तर मनाने का होईना, शिडाच्या होडीतूनच निघावे लागेल.

कल्याणहून निघू. ओहोटी लागली की होडी पाण्याबरोबर खाली सरते. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, तो बाहेर नेतो. दुपारचे खारे वारे आणि भरती परत आणतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण, सोपारा आणि चौल ही तिन्ही बंदरे आहेत. राजकीय वैरामुळे कल्याणला लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशी नोंदही त्यात आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणकरांची दाने कोरलेली आहेत. पुढे 1657 साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि इथल्या पाण्यात स्वराज्याच्या आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली. त्या कामावर पोर्तुगीज कारागीर होते. त्या आरमाराच्या सरदारांत मायनाक भंडारी होते, तसेच दर्यासारंग आणि दौलतखानही होते. 1679 साली खांदेरीच्या लढाईत इंग्रजांशी झुंजलेल्या दौलतखानाचे नाव आमच्या किती मुलांना ठाऊक आहे?

होडी ठाण्याला लागते. शिलाहारांच्या ताम्रपटांतले हे श्रीस्थानक. इथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. अरबांची ठाण्याशी जी पहिली ओळख इतिहासात नोंदली गेली, ती स्वारीची आहे. खलिफा उमर यांच्या काळात बहरीनच्या सुभेदाराने परवानगी न घेता ठाण्यावर जहाजे धाडली आणि खलिफांनी त्याबद्दल त्याला फटकारले, असे बलाधुरी हा इतिहासकार सांगतो. मार्को पोलोच्या वृत्तांतात ठाण्याचे कातडे आणि कापूस आहे, तसेच राजाशी संगनमत करून जहाजांवरचे घोडे लुटणारे चाचेही आहेत. 1321 साली इथे मुस्लिम अंमलात चार फ्रान्सिस्कन धर्मप्रचारक मारले गेले. हे सारे लपवून इतिहास सांगता येत नाही, आणि सांगूही नये.

पण दर्याने एवढेच आणले नाही. दक्षिणेची वाट धरली की मुंबईचे बंदर ओलांडून चौल येते. हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ.स. 916च्या सुमारास, अल-मसूदी इथे आला होता. चौलला तो सैमूर म्हणतो. सुमारे दहा हजार मुसलमान तिथे राहत असल्याचे तो लिहितो. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले त्यांत होते आणि याच भूमीवर जन्मलेलेही होते. त्या जन्मलेल्यांना ‘बयासिरा’ असे वेगळे नाव होते. त्यांचे तंटे सोडवण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख हिंदू राजा नेमत असे. हजार वर्षांपूर्वी जे इथलेच म्हणून ओळखले जात होते, त्यांच्या वारसांना आज ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे विचारले जाते.

उत्तरेची वाट घोडबंदर, वसई, सोपारा करीत संजाणला पोचते. डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे सापडलेला शके 848चा, म्हणजे इ.स. 926चा ताम्रपट या किनाऱ्याची गोष्ट सांगतो. राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणारा अधिकारी ताजिक होता. ताजिक म्हणजे त्या काळच्या भाषेत अरब. त्याचे नाव मुहम्मद; संस्कृत ताम्रपटात त्याचे ‘मधुमती’ झाले. त्याने दोन प्रवाहांवर लोकांसाठी फुकट तर सुरू केली आणि भात, कालवण, तूप वाढणारे अन्नछत्र घातले. त्याच्याच संमतीने देवीच्या मठिकेला जमीन दान मिळाली. आम्हाला हा ताम्रपट अनेक लढायांपेक्षा मोठा वाटतो.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात परवान्याशिवाय जहाजे हाकणे अवघड केले, तेव्हा या व्यापाराला ग्रहण लागले. 16 एप्रिल 1853 रोजी ठाण्याला आगगाडी आली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली आणि गावांनी हळूहळू खाडीकडे पाठ फिरवली. 2016च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग ठरला आहे. त्यावर प्रवासी बोटी फिरोत न फिरोत, आमच्या मुलांनी एकदा त्या काठावर उभे राहिले पाहिजे.

कारण बंदरे गाळाने भरली तरी शब्द बुडत नाहीत. बंदर, लंगर, नाखवा, सारंग हे शब्द फारसीतून आले. खलाशी, सुकाणू, मोसम अरबीतून. आज ते आगरी-कोळ्यांचे आहेत, मराठीचे आहेत. कुणी त्यांना परके म्हणत नाही. एक शब्द मात्र मराठीत फारसा राहिला नाही. तारे आणि वारे ओळखून जहाजाला वाट दाखवणाऱ्याला जुने दर्यावर्दी ‘मुअल्लिम’ म्हणत. उर्दूत मुअल्लिम म्हणजे शिक्षक. ते काम आता आमच्याकडे आहे.