जुनी 'क्यू ७' घ्यावी की नवी?

मुंबई-पुण्याच्या सेकंडहँड गाड्यांच्या बाजारात ऑडीची 'क्यू ७' कधी कधी अशा किमतीला दिसते की, ग्राहकाचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही. एकेकाळी चित्रपट कलावंत, बिल्डर आणि पुढाऱ्यांच्या दारात दिमाखाने उभी राहणारी ही सात आसनी एसयूव्ही बारा-पंधरा वर्षांची झाली की, नव्या मध्यम आकाराच्या मोटारीच्या पैशांत मिळते. तिच्या शेजारीच त्याच नावाची, तीच चार कडी मिरवणारी, पण कित्येक लाखांनी महाग अशी दुसरी गाडी उभी असते. नाव एक असले, तरी या दोन वेगळ्या गाड्या आहेत. त्यांच्या किमतीतील फरक म्हणजे आपली बचत, असे मानणारा ग्राहक पहिल्या वर्षातच अडचणीत येऊ शकतो.

'क्यू ७'ची पहिली पिढी सप्टेंबर २००५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात सादर झाली. फोक्सवॅगनची 'टूआरेग' आणि पोर्शची 'कायेन' ज्या सांगाड्यावर बेतल्या होत्या, त्याच्याशीच तिचे नाते होते. लांबी पाच मीटरहून अधिक आणि वजन सव्वादोन टनांच्या पुढे. ही गाडी रस्त्यावर भक्कम बसते, पण दादरच्या गल्लीत वळवताना घाम फोडते. २००९ मध्ये तिचे रूप थोडे बदलले, तर २०१० मध्ये सहा गिअरच्या ऑटोमॅटिकच्या जागी आठ गिअरचा ऑटोमॅटिक आला. दुसरा बदल अधिक महत्त्वाचा. पहिल्या पिढीतीलच गाडी घ्यायची असेल, तर आठ गिअरची घ्यावी. त्याआधीची गाडी स्वस्त मिळाली, तरी तिच्या वाटेला न जाणे बरे.

दुसरी पिढी जानेवारी २०१५ मध्ये डेट्रॉइट येथे सादर झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतात आली. नव्या सांगाड्यामुळे तिचे वजन जुन्या गाडीपेक्षा सव्वातीनशे किलोपर्यंत घटले. बाहेरून ती किंचित आखूड झाली, आतली जागा मात्र वाढली. तीन लिटरच्या डिझेल इंजिनाला आता हलके अंग ओढायचे असल्याने वेग आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही सुधारले. सुरक्षिततेतील अंतरही दुर्लक्षिण्याजोगे नाही. 'युरो एनकॅप'च्या चाचणीत २००६ साली जुन्या गाडीला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले होते. नव्या गाडीने २०१५ साली अधिक कडक निकषांवर पाच तारे मिळवले.

भारतात या पिढीचा डिझेल अध्याय एप्रिल २०२० मध्ये 'भारत स्टेज ६' मानके लागू होताना संपला. त्याआधी २०१७ मध्ये दोन लिटरचे पेट्रोल इंजिन आले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेली सुधारित 'क्यू ७' केवळ तीन लिटर पेट्रोल इंजिनाची असून तिची जोडणी औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर येथील प्रकल्पात होते. साहजिकच सेकंडहँड बाजारात डिझेल 'क्यू ७' शोधणाऱ्यासाठी २०१६ ते २०१९ या काळातील गाड्या हाच खरा पर्याय उरतो.

खर्च कुठे दडलेला असतो?

गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. पंधरा वर्षांच्या 'क्यू ७'ला लागणारा भाग हा महागड्या जर्मन गाडीचाच भाग असतो आणि त्याचे बिलही तसेच येते. जुन्या तीन लिटर डिझेल इंजिनाची टायमिंग चेन इंजिनाच्या मागील बाजूस, गिअरबॉक्सकडे आहे. चेन किंवा तिचा टेन्शनर झिजला, तर भागाच्या किमतीपेक्षा तिथपर्यंत पोहोचण्याची मजुरीच भारी पडते. (नव्या पिढीतही चेन मागेच आहे, मात्र त्या गाड्या तुलनेने कमी चाललेल्या असतात.) म्हणून गाडी पाहायला जाण्यापूर्वी मालकाला इंजिन सुरू न करण्याची विनंती करावी आणि पोहोचताच बोनेटवर हात ठेवून पाहावा. बोनेट गरम लागले, तर परत यावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. थंड इंजिन सुरू होताना काही क्षण खडखड ऐकू आली, तर सौदा तिथेच थांबवावा.

एअर सस्पेन्शन असलेल्या गाडीत रबरी फुगे आणि त्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर वयानुसार थकतात. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात खाली बसलेली दिसली, तर हवा गळत आहे असे समजावे. पावसाळी शहरांत आणखी एक दुखणे आढळते. सनरूफचे पाणी बाहेर नेणाऱ्या नळ्या कचऱ्याने तुंबल्या की, पाणी आत झिरपते. पहिल्या पिढीत बॅटरी पुढच्या आसनाखाली असल्याने हा ओलावा थेट विजेच्या यंत्रणेला भिडतो. पायपुसणी उचलून खालचा गालिचा हाताने दाबून पाहावा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाच्या रेषा आहेत का, हेही तपासावे. पुरात बुडालेली गाडी अनेकदा तिथे सापडते.

डिझेल इंजिनाला लांबचा रस्ता मानवतो. घर ते कार्यालय अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांनी त्यात काजळी साचते आणि झडपा अडकू लागतात. ज्यांचा वापर शहरापुरताच आहे, त्यांनी २०१७ नंतरच्या पेट्रोल गाडीचा विचार करावा. दोन टनांच्या गाडीचे पेट्रोलचे बिल मात्र गृहीत धरावे. महिन्यातून दोन-तीनदा महामार्गावर जाणाऱ्या कुटुंबाला नव्या पिढीतील डिझेल गाडीच सरस ठरते. पहिली पिढी त्याच्यासाठी, ज्याच्या ओळखीचा जर्मन गाड्यांचा जाणकार मेकॅनिक आहे आणि जो गाडीच्या किमतीव्यतिरिक्त दुरुस्तीसाठी भरघोस रक्कम बाजूला ठेवू शकतो.

आरटीओतील हिशेब

सुरुवातीच्या 'क्यू ७' स्लोव्हाकियातील ब्रातिस्लाव्हा येथून पूर्ण तयार होऊन आल्या. नोंदणीला पंधरा वर्षे झालेल्या गाडीचे नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीसाठी हे शुल्क पाच हजार रुपये, तर आयात केलेल्या चारचाकीसाठी चाळीस हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या आयात गाडीसाठी ते ऐंशी हजारांवर नेण्यात आले. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतरचा पर्यावरण कर वेगळा. त्यामुळे आरसीवर गाडी 'आयात' म्हणून नोंदलेली आहे का, हे बयाणा देण्यापूर्वीच पाहावे.

दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्त का असतात, हेही लक्षात घ्यावे. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केल्यानंतर तेथील अनेक मालकांनी गाड्या परराज्यांत काढल्या. पुढे या नियमात फेरबदल होत राहिले. अशी गाडी घेताना तेथील आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. महाराष्ट्रात भरावा लागणारा रोड टॅक्सही किमतीत धरावा. दलाल तो क्वचितच आपणहून सांगतो.