पेटीतला तारा

अमरावतीहून अकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात, आम्ही नवदीक्षित धर्मगुरू असताना, एक वृद्ध माजी सैनिक राहत असत. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही त्यांच्याकडे ख्रिस्तशरीर घेऊन जात असू. प्रार्थना होई, पाऊसपाण्याचे आणि कपाशीच्या भावाचे बोलणे होई, आणि चहा घेऊन आम्ही पुढल्या घराकडे वळत असू. आजोबा लढाईवर गेले होते, एवढे आम्हांला ठाऊक होते. कुठे गेले होते, तेथे काय पाहिले, हे आम्ही कधी विचारले नाही.

त्यांच्या अंत्यविधीनंतर सूनबाईंनी एक पत्र्याची पेटी आमच्यापुढे उघडली. "मामाजी कोनालेच या पेटीले हात लावू देत नव्हते, फादर," त्या म्हणाल्या. आत सहा टोकांचा एक धातूचा तारा होता. त्याची लाल, पांढरी आणि हिरवी फीत विटून गेली होती. सोबत एक छायाचित्र होते. दगडी घरापुढे गणवेशातला एक तरुण उभा आहे, शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली एक परदेशी वृद्धा आहे आणि तिचा हात त्याच्या खांद्यावर आहे. छायाचित्राच्या मागे ना नाव, ना गाव, ना तारीख. ही बाई कोण, हे सांगणारा एकमेव माणूस आम्ही त्याच दिवशी मातीत ठेवला होता.

तो तारा म्हणजे 'इटली स्टार' हे पदक होते, हे आम्हांला नंतर कळले. दुसऱ्या महायुद्धात चौथी, आठवी आणि दहावी या तीन भारतीय डिव्हिजन इटलीत लढल्या. पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक त्या भूमीवर उतरले. ५,७८२ परत आले नाहीत. इटलीत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीय सैनिकांनी मिळवले, आणि त्यांत दोघे आपले मराठी जवान होते. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, आपल्या तुकडीतील सर्वजण पडल्यावर, एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले व तेथेच धारातीर्थी पडले. तेव्हा त्यांचे वय अवघे २२ होते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून व सुरुंगांतून वाहून आणले, आणि मग परत फिरून शत्रूची तीन मशीनगन ठाणी निकामी केली. जाधव १९८४ पर्यंत हयात होते.

शौर्याची ही नोंद सरकारी कागदांत आहे. पण त्या छायाचित्रातील वृद्धेची नोंद कोठे आहे?

तिच्यासारख्यांची कथा पराक्रमाइतकीच मोठी आहे. जून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेतील तोब्रुक पडले, तेव्हा मराठा पलटणीची दुसरी बटालियनही शत्रूच्या हाती सापडली. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या अनेक युद्धकैद्यांना इटलीतील छावण्यांत नेण्यात आले. आब्रुत्सो प्रांतात आवेत्झानो येथे भारतीय कैद्यांची मोठी छावणी होती. ८ सप्टेंबर १९४३ रोजी, मरियामातेच्या जन्माच्या सणादिवशी, इटलीने शस्त्रे खाली ठेवल्याचे जाहीर झाले. पहारे ढिले पडले आणि ठिकठिकाणच्या छावण्यांतून हजारो कैदी डोंगरांत शिरले. मागून जर्मन सैन्य आले. कैद्यांना आसरा देणाऱ्यास मृत्युदंड, अशी ताकीद गावोगाव फिरली. तरीही शेतकऱ्यांनी दारे उघडली. ज्यांची भाषा कळत नव्हती, ज्यांचा धर्म निराळा होता, अशा माणसांना त्यांनी गोठ्यात, गंजीत, डोंगरातील गुहांत लपवले आणि आपल्याकडील ज्वारीच्या कण्यांसारखा मक्याचा घाटा त्यांच्यासोबत वाटून खाल्ला.

दुसराही एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. १९४४ च्या जुलैअखेरीस, फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येस मोंतेगुफोनी येथील जुन्या गढीत, आठव्या डिव्हिजनमधील मराठा सैनिक पोहोचले. युद्धापासून वाचवण्यासाठी फ्लॉरेन्सच्या उफित्झी संग्रहालयातील अमूल्य चित्रे तेथे हलवलेली होती. बोत्तिचेल्लीचे 'वसंत' आणि जोत्तोने रंगवलेली सिंहासनाधिष्ठित मरियामाता त्यांतच होती. तळघरांत गावकऱ्यांनी आसरा घेतला होता. संग्रहालयाचे ग्रंथपाल चेझारे फाझोला चित्रांच्या काळजीपोटी आघाडीची रेषा पायी ओलांडून आले होते. तोफा जवळच धडाडत असताना मराठा सैनिकांनी त्या दालनांवर पहारा दिला. आज जगभरचे भाविक व रसिक त्या मरियामातेपुढे उभे राहतात. तिच्या रक्षणात कधीकाळी आपल्या मातीतील माणसांचाही हात होता, हे त्यांना कोण सांगणार?

मग हे सारे आपण का विसरलो? त्याला कारण आहे आणि ते समजून घेतले पाहिजे. हे जवान इटलीत लढत होते त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट १९४२ मध्ये, आपल्याकडे चिमूर आणि आष्टी पेटून उठले होते. अमरावती जिल्ह्यातील यावलीच्या नावापुढे आजही 'शहीद' हा शब्द लागतो. त्या हुतात्म्यांची स्मृती आपण जपली, हे योग्यच झाले. पण इंग्रजांच्या सैन्यात गेलेल्या गावच्या पोराविषयी काय बोलावे, हे कोणालाच सुचेना. कोणी पोटासाठी गेला होता, कोणी दुष्काळाला कंटाळून, कोणी बापाची पलटण म्हणून. तो परतला आणि गप्प राहिला. त्याने घरी धाडलेली पत्रे सेन्सॉरचे अधिकारी उघडून वाचत. त्यांनी काढलेले उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ज्याच्या गावात त्याचा एक शब्दही उरला नाही, त्याचे मन परक्याच्या दप्तरात शोधावे लागावे, ही आमच्या मते लाजिरवाणी गोष्ट आहे.

इतरांनी काय केले ते पाहावे. इटालियन शेतकऱ्यांनी वाचवलेल्या इंग्रज कैद्यांनी १९८९ मध्ये 'मोंते सान मार्तिनो' नावाचा न्यास स्थापला. त्या उपकाराची आठवण म्हणून इटालियन तरुणांना इंग्रजी शिकण्यासाठी तो शिष्यवृत्ती देतो. इटलीकरही विसरले नाहीत. जुलै २०२३ मध्ये पेरूजाजवळील मोंतोने या गावी यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले गेले. त्यावर लॅटिनमध्ये लिहिले आहे: ओम्नेस सुब एओदेम सोले. सेमिनरीत घोकलेले लॅटिन येथे आमच्या उपयोगी पडले. 'आपण सारे एकाच सूर्याखाली.'

वाचकहो, दुसऱ्या महायुद्धातील सैनिक आता जवळजवळ उरलेले नाहीत. परंतु त्यांची मुले सत्तरीच्या घरात आहेत. १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तीसाठी मुक्तिवाहिनीच्या साथीने लढलेले, जमालपूरसारख्या लढाया पाहिलेले जवान आजही आपल्यात आहेत. त्यांना वाट दाखवणारे, भात वाढणारे बंगाली गावकरीही त्यांच्या स्मरणात जिवंत आहेत. त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. किती शत्रू मारले, हे आधी विचारू नये. कोणत्या पलटणीत होता, कोणत्या गावी थांबला, भाकर कोणी दिली, तिला तुम्ही काय म्हणून हाक मारत होता, हे विचारावे. घरातील प्रत्येक जुन्या छायाचित्रामागे पेन्सिलीने नाव, गाव, वर्ष लिहावे. पदके मोडीत घालू नयेत. डिस्चार्जचे कागद आणि पेन्शनचे पुस्तक जपून ठेवावे.

ख्रिस्तसभेला नावे लिहिण्याची सवय आहे. आपल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत कोणी परका म्हणून वगळला जात नाही आणि २ नोव्हेंबरला आपण मृतांची नावे वेदीपुढे वाचतो. गेली काही वर्षे त्या यादीत आम्ही आजोबांच्या नावानंतर थोडे थांबतो. त्या दगडी घरापुढच्या वृद्धेचे नाव आम्हांला वाचता येत नाही, कारण ते विचारायचे आमच्याकडून राहून गेले. तुमच्या घरी ते विचारता येईल असे कोणी असेल, तर या रविवारी मिस्सानंतर घरी जाऊन त्यांच्याजवळ बसा.