अंबरनाथ ते शूर्पारक : खाडीकांठचे लेख व एका अंकाची गोष्ट

उत्तर कोंकणांत सहलीस येणारा मनुष्य बहुधा समुद्राची वाट धरतो. अर्नाळा, राजोडी, भुईगांव येथील पुळणीवर सुट्टीच्या दिवशीं मोठी गर्दी लोटते, आणि सूर्यास्त पाहून ती परत फिरते. यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु त्याच प्रदेशांत इतिहासाच्या जिज्ञासेनें हिंडणाराच्या ध्यानांत एक गोष्ट लवकरच येते. या भागांतील प्राचीन मोठीं नगरें उघड्या समुद्राकडे तोंड करून वसलेलीं नाहींत. कल्याण, ठाणें व सोपारें हीं तिन्ही खाडीच्या आश्रयानें राहिलीं. पावसाळ्यांतील वारा व लाटा यांपासून गलबतांस निवारा, आणि घाटावरून उतरणाऱ्या मालास बंदरापर्यंत सुगम मार्ग, हे दोन्ही लाभ खाडींतच मिळत. म्हणून येथील इतिहास पाहावयाचा तर पुळणीवरून थोडें आंत वळलें पाहिजे. प्रस्तुत लेखांत उल्हास नदी व तिची खाडी यांच्या कांठानें अंबरनाथपासून सोपाऱ्यापर्यंत असाच एक फेरा मारून, वाटेंत भेटणाऱ्या लेखांची साक्ष वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे. विशेषतः त्यांतील एका अंकासंबंधानें मला स्वतःची एक चूक कबूल करावयाची आहे.

आमच्या डोंबिवलीहून अंबरनाथ फार दूर नाहीं. वालधुनी नदीच्या कांठीं असलेलें तेथील शिवमंदिर भूमिज पद्धतीच्या शिल्पाचा उत्तम नमुना म्हणून प्रसिद्ध आहे. गर्भगृहांत पायऱ्यांनीं खालीं उतरावें लागतें, आणि शिखराचा वरचा भाग ढळल्यामुळें वरून आकाशाचा प्रकाश थेट पिंडीवर पडतो. या मंदिराचीं चित्रें, छायाचित्रें व ठसे सरकारी आज्ञेनें १८६८ सालीं घेण्यांत आले. मंदिराच्या उत्तर द्वाराच्या आंतील बाजूस तुळईवर एक लहान संस्कृत लेख कोरलेला आहे. त्यांत उत्तर कोंकणच्या शिलाहार घराण्यांतील महामंडलेश्वर माम्वाणिराज याचें नांव येतें. इतर लेखांत यालाच मुम्मुणि म्हटलें आहे.

या लेखांतील शकाचा अंक प्रथम डॉ. भाऊ दाजी यांनीं ७८२ असा वाचला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं लेख पुन्हा तपासून तो ९८२ असा ठरविला, व आज तेंच वाचन सर्वमान्य आहे. दोन्ही वाचनांत भेद केवळ पहिल्या अंकाचा. झिजलेल्या दगडावर ७ व ९ यांचीं वळणें एकमेकांत मिसळणें अवघड नाहीं. परंतु त्या एका वळणानें मंदिर दोनशें वर्षें मागें जातें किंवा पुढें येतें.

मी शाळेंत असतां एका जुन्या पुस्तकांतून ७८२ हा अंक वहींत उतरून घेतला, आणि अनेक वर्षें मुलांना तोच सांगत आलों. सहलीच्या दिवशीं मंदिराच्या पुढें उभें राहून 'हें देऊळ इसवी सन ८६० मधील' असें मीं मोठ्या आवाजांत किती वेळां सांगितलें असेल, याची गणती नाहीं. निवृत्तीनंतर वह्या चाळतांना कान्हेरीच्या लेखांचें टिपण हातीं लागलें, आणि दोन्ही पानें शेजारीं ठेवल्यावर चूक आपोआप उघडी पडली. ती कशी, हें येथें क्रमानें देतों. कारण दगडावरील अंक अंधुक असला, तरी इतर लेखांच्या साहाय्यानें तो कसा पारखावा, याचें हें सोपें उदाहरण आहे.

पहिलें प्रमाण कान्हेरीचें. तेथील लेण्यांत शिलाहारांच्या काळचे लेख आहेत. पुल्लशक्तीचा लेख शके ७६५ चा, आणि त्याचा पुत्र दुसरा कपर्दी याच्या वेळचे लेख शके ७७५ व ७९९ चे आहेत. म्हणजे शके ७८२ हें वर्ष कपर्दीच्या दोन ज्ञात लेखांच्या बरोबर मध्यें पडतें. त्या वर्षीं कोंकणांत माम्वाणि राज्य करीत होता असें म्हणावयाचें, तर त्याच काळीं नांदणाऱ्या कपर्दीस कोठें ठेवावयाचें?

दुसरें प्रमाण ताम्रपटांचें. ठाण्याच्या किल्ल्यांत नव्या बांधकामाचा पाया खणतांना १७८७ सालीं अरिकेसरीचा ताम्रपट सांपडला. त्याचा काळ शके ९३९, म्हणजे इसवी सन १०१७. त्याचें भाषांतर कलकत्त्याच्या एशियाटिक रिसर्चेस या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडांत छापलें गेलें. हिंदुस्थानांतील ताम्रपटांच्या अभ्यासाच्या अगदीं आरंभींचा हा प्रसंग होय, आणि त्याचा मान ठाण्याकडे जातो. अरिकेसरीनंतर त्याचा पुतण्या छित्तराज गादीवर आला. त्याचा भांडुप येथें मिळालेला ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे इसवी सन १०२६ चा आहे. छित्तराज, नागार्जुन व मुम्मुणि हे तिघे सख्खे भाऊ. थोरल्या भावाचा ताम्रपट शके ९४८ चा असतां धाकट्याचा लेख शके ७८२ चा कसा असूं शकेल? तो ९८२ चाच असला पाहिजे. चौतीस वर्षांचें अंतर भावाभावांत सहज बसतें. एकशें सहासष्ट वर्षांचें उलटें अंतर कोणत्याही वंशावळींत बसणार नाहीं.

दोन्ही प्रमाणें स्वतंत्र आहेत, आणि दोन्हींचा निर्णय एकच आहे. यावरून भाऊ दाजींच्या योग्यतेस कमीपणा येतो असें मात्र कोणी समजूं नये. त्यांच्या वेळीं तुलनेचीं साधनें थोडीं होतीं, आणि ज्यानें प्रथम वाचलें त्याच्यामुळेंच दुसऱ्यास सुधारतां आलें. दोष असेल तर तो माझ्यासारख्यांचा. पुढचें वाचन छापून झालें असतांही मागचेंच पान आम्हीं घोकीत बसलों.

अंबरनाथहून वालधुनीच्या प्रवाहाबरोबर खालीं आलें कीं कल्याण लागतें. कान्हेरीच्या दानलेखांत कलिअण या नांवानें या नगराचे रहिवासी वारंवार भेटतात. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथांत सुप्पारा व कल्लिएना हीं दोन्ही बंदरें एकापाठोपाठ सांगितलीं आहेत, आणि कल्लिएनासंबंधानें एक मार्मिक माहिती दिली आहे. थोरल्या सारगनसच्या वेळीं तेथें कायदेशीर पेठ होती, परंतु सांदारेसच्या हातीं तें गेल्यापासून व्यापारास अडथळा झाला, व तेथें आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्याखालीं भडोचास नेलीं जात. सातवाहन व क्षत्रप यांच्या चढाओढींत एका बंदराची काय अवस्था होते, तें या दोन वाक्यांत दिसतें. पुढें सोळाशें वर्षांनीं, १६५७ च्या आक्टोबरांत, शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडींत मराठी आरमाराच्या बांधणीस आरंभ झाला. दुर्गाडीच्या टेंकाडावर उभें राहिलें असतां या निवडीचें कारण सांगावें लागत नाहीं. पाणी, निवारा व घाटाची वाट हीं तिन्ही तेथून कळतात.

ठाण्यापाशीं पाण्याच्या दोन वाटा होतात. एक खाडी दक्षिणेस मुंबई बंदराकडे जाते, आणि उल्हासाचा मुख्य ओघ घोडबंदरावरून वसईकडे वळतो. शिलाहारांचें श्रीस्थानक तें हेंच. पोर्तुगीजांनीं येथें किल्ला आरंभिला. १७३७ त तो मराठ्यांनीं घेतला, आणि १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं. याच किल्ल्यांतून १८१६ त त्रिंबकजी डेंगळे निसटला. १८५३ च्या एप्रिलाच्या १६ तारखेस मुंबईहून पहिली आगगाडी येथवर आली, आणि पुढच्याच वर्षीं ती कल्याणास पोहोंचली. त्यानंतर गलबतांचें महत्त्व ओसरत गेलें, आणि प्रवाशाचें खाडीशीं असलेलें नातें पुलावरून दिसणाऱ्या पाण्यापुरतेंच उरलें.

खाडीच्या मुखाशीं वसईचा कोट आहे. १५३४ पासून पोर्तुगीजांकडे असलेलें हें ठाणें चिमाजी आप्पांनीं १७३९ च्या मे महिन्यांत जिंकलें. तेथून उत्तरेस सोपारें. २०१४ च्या आगस्टपासून हा भाग ठाणें जिल्ह्यांतून निघून पालघर जिल्ह्यांत गेला आहे, परंतु इतिहासाच्या दृष्टीनें खाडीचे दोन्ही कांठ एकच आहेत. महाभारतांत शूर्पारक तीर्थाचें नांव येतें, आणि नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखांतही तें शोर्पारग या रूपानें आहे. १८८२ त पंडित भगवानलाल यांनीं बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा उंचवटा खणला. तेथें स्तूप निघाला, व त्याच्या पोटांत दगडी करंडक. त्यांत बुद्धाच्या आठ लहान मूर्ती, सोन्याचीं फुलें, आणि यज्ञश्री शातकर्णीचें एक चांदीचें नाणें होतें. त्याच वर्षीं अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांस येथें मिळाला.

आतां या तुकड्याकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. अशोकाचे मोठे शिलालेख चौदा. सोपाऱ्याजवळ आठव्याचा एक तुकडा १८८२ त, आणि नवव्याचा एक तुकडा १९५६ त भुईगांव येथें, एवढेंच आजवर सांपडलें आहे. दोन शोधांत चौऱ्याहत्तर वर्षें गेलीं. ज्या भुईगांवच्या पुळणीवर आज सहलीचे लोक जातात, त्याच गांवाच्या हद्दींत मौर्य सम्राटाचा दगड इतकीं वर्षें अनोळखी पडून होता. आठवा व नववा येथें होता तर मूळ मालिका पूर्ण असावी, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. उरलेले दगड विहिरीच्या कठड्यांत, जोत्याच्या पायांत किंवा बांधाच्या ओळींत नसतीलच, असें कोण म्हणेल?

म्हणून संग्राहक बंधूंस दोन विनंत्या करून हा लेख संपवितों. पहिली अशी कीं, एखादा कोरलेला दगड, गद्धेगाळ किंवा ताम्रपट दृष्टीस पडला, तर तो उचलून नेण्यापूर्वीं त्याची जागा लिहून ठेवावी. गांव, शेत, दिशा, शेजारचें देऊळ किंवा तळें, जें असेल तें. ठाण्याचा ताम्रपट किल्ल्याच्या पायांत मिळाला हें लिहून ठेवलें गेलें, म्हणून तो आजही ठाण्याचाच राहिला आहे. जागेपासून तुटलेला लेख अर्धा मुका होतो. गद्धेगाळावर शेंदूर असेल तर तो खरवडूं नये. गांवकऱ्यांची अनुमति घेऊन छायाचित्र व कागदावरील ठसा घ्यावा, आणि त्याची एक प्रत मंडळाकडे धाडावी.

दुसरी विनंती अंकांविषयीं. लेखांतील वर्ष जेथें झिजलें असेल, तेथें एकट्या डोळ्यांवर विसंबूं नये. त्या राजाचा बाप, भाऊ व पुतण्या यांचे लेख शेजारीं मांडून पाहावें, आणि मागाहून छापलेलें वाचन मिळालें तर आपल्या वहींतलें पान बदलण्यास लाजूं नये. मीं तें फार उशिरां केलें. माझे कित्येक विद्यार्थी आज स्वतः शिक्षक आहेत. त्यांच्यापैकीं कोणी अंबरनाथास मुलें घेऊन जात असेल, आणि हा अंक त्याच्या हातीं पडला, तर त्यानें माझें ७८२ खोडून तेथें ९८२ लिहावें. मुलांना मात्र नुसता नवा अंक न सांगतां तो कसा ठरला, हेंही सांगावें.