चौलचे कापड आणि आफ्रिकेची बाजारपेठ

अलिबागच्या दक्षिणेस कुंडलिका खाडीच्या मुखाजवळचे चौल आज नारळ-पोफळीच्या वाड्यांसाठी ओळखले जाते. एकेकाळी मात्र ते घाऊक व्यापाराचे मोठे बंदर होते. इ.स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख ‘सेमुल्ला’ असा येतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून आजच्या सोमालियाकडे जाणाऱ्या मालाची यादीही त्यात आहे : गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल, सुती कापड आणि साखर. काही जहाजे थेट तिकडे जात, काही किनाऱ्याकिनाऱ्याने थांबत, माल बदलत पुढे सरकत.

सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीजाने चौलचा बाजार वर्णिला आहे. डिसेंबर ते मार्च हा त्याचा हंगाम. घाटावरचा माल बैलांच्या तांड्यांनी खाली उतरे. आफ्रिकेत सोफाळ्याच्या परिसरात सोने व हस्तिदंत मिळवायचे तर भारतीय कापड लागे. तिकडे कापड चलनासारखेच चाले. १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी रेवदंड्यास किल्ला बांधण्यास घेतला, त्यामागे हा हिशेबही असणारच. त्यांच्या परवान्यावाचून समुद्रात गलबत हाकारणे धोक्याचे झाले आणि नफ्याचा वाटा विणकराच्या मागापासून अधिकच दूर गेला. आफ्रिकेतून परतणाऱ्या जहाजांत हस्तिदंताबरोबर गुलामही असत; या व्यापाराचे कौतुक करताना ही बाजू सहसा गाळली जाते.

पुढे मुंबई वाढली, चौलचे विणकरही तिकडे गेले. १७४० मध्ये रेवदंडा मराठ्यांकडे आला, तेव्हा जुनी पेठ ओसरली होती. आज मोंबासाकडे जाणारे कंटेनर याच जिल्ह्यातील उरणजवळच्या, १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरातून सुटतात.