तारेपासून तंतूपर्यंत : वऱ्हाडातील ग्रामीण 'जोडणी'चा इतिहास

प्रस्तावना

ग्रामीण भागातील इंटरनेटच्या संथपणाविषयी लिहिताना त्याचे खापर ग्रामस्थांच्या निरक्षरतेवर वा उदासीनतेवर फोडण्याचा प्रघात आपल्याकडे आहे. वऱ्हाडचा इतिहास या समजुतीला दुजोरा देत नाही. 'गाव जोडले गेले' या शासकीय शब्दप्रयोगाचा अर्थ निरनिराळ्या काळांत कोणी आणि कशासाठी ठरविला, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कापसाची तार

१८५३ च्या तहान्वये निजामाच्या राज्यातील वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या प्रशासनाखाली आला. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचे महत्त्व एकाएकी वाढले. १८६७ मध्ये लोहमार्ग बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये खामगावचा फाटा खुला करण्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. त्याच वर्षी मुंबई सुएझमार्गे समुद्री तारेने इंग्लंडशी जोडली गेली आणि लिव्हरपूलचा भाव कळण्यास लागणारा आठवड्यांचा अवधी संपला. म्हणजेच निकड वाटली तेव्हा या प्रदेशात दळणवळणाची साधने विलक्षण वेगाने आली. ज्या कुणब्याच्या कापसासाठी हा सारा खटाटोप झाला, त्यालाही बाजारभाव कळावा, अशी मात्र कोणाचीच अपेक्षा नव्हती.

मोजमापाचे राजकारण

स्वातंत्र्योत्तर काळात उद्दिष्ट बदलले, हे मान्य करावयास हवे. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत प्रत्येक गावात दूरध्वनी नेण्याचे ठरविले. तेथे 'गाव' मोजले जात होते, घर नव्हे. एक सार्वजनिक दूरध्वनी बसला की ते गाव यादीतून निकालात निघे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले ते महानगरांत. पुढे २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने प्रतिसेकंद २५६ किलोबिट एवढ्या गतीस ब्रॉडबँड हे नाव दिले व २०१० अखेर २ कोटी जोडण्यांचे लक्ष्य ठेवले. प्रत्यक्षात ती संख्या सुमारे १ कोटी १० लाखांवर थांबली. व्याख्येतील गती २०१३ मध्ये ५१२ किलोबिट झाली आणि २ मेगाबिटपर्यंत येण्यास २०२३ साल उजाडावे लागले.

ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्यास मंजुरी मिळाली. सुमारे २० हजार कोटी रुपये खर्चून अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडावयाच्या होत्या. त्यांपैकी पहिल्या एक लाखाचा टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. मधल्या काळात योजनेचे नाव 'भारतनेट' झाले होते. विलंबापेक्षाही रचनेतील दोष अधिक बोलका आहे. तालुक्यापासून पुढे बऱ्याच अंतरापर्यंत जुनीच केबल वापरून उरलेल्या अंतरापुरती नवी टाकण्याचे धोरण होते. जाळे सरळ रेषेत असल्याने रस्त्याच्या कामात एका ठिकाणी केबल तुटली, तर पुढील सर्व पंचायती अंधारात जात. वलयाकार रचनेचा स्वीकार २०२३ च्या सुधारित कार्यक्रमात झाला. त्यासाठी मंजूर झालेली रक्कम १ लाख ३९ हजार कोटी रुपयांहून अधिक आहे. शिवाय तंतू पोहोचावयाचा तो ग्रामपंचायत कार्यालयापर्यंत. मेळघाटासारख्या भागात एकाच गटग्रामपंचायतीत दूरदूरची अनेक गावे असतात. त्यांचे काय, हा प्रश्न नकाशावर दिसत नाही.

याच मेळघाटातील हरिसाल २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने 'डिजिटल गाव' म्हणून पुढे आले. २०१९ च्या लोकसभा निवडणूक प्रचारात त्याच गावातील सुविधा खऱ्या की खोट्या, यावर महाराष्ट्रभर वाद रंगला. एका गावाच्या जोडणीवर राज्यभर चर्चा व्हावी, हे एका परीने चांगलेच. पण शेजारच्या गावांची चौकशी त्या वेळी कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही.

वरूडचा अनुभव

वरूड तालुका संत्र्याचा. येथे परिस्थिती मेळघाटाइतकी बिकट नाही आणि २०१६ नंतर स्वस्त झालेल्या मोबाईल इंटरनेटने पुष्कळ फरक पडला, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. बांगलादेशाने आयातशुल्क वाढविल्याची वार्ता व्यापाऱ्याच्या मोबाईलवर तत्काळ येते. बाग झाडावरच विकून मोकळ्या झालेल्या शेतकऱ्यालाही आता ती कळते, एवढाच १८७० पासूनचा बदल.

परंतु वार्ता मिळणे वेगळे आणि शासनदरबारी आपली नोंद करणे वेगळे. २०१७ च्या कर्जमाफीसाठी ऑनलाइन अर्ज अनिवार्य झाला, तेव्हा सेवाकेंद्रांपुढे शेतकऱ्यांच्या रांगा लागल्या. अंगठ्याचा ठसा जुळेपर्यंत संपर्क तुटे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. जी मदत पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात अडत असे, ती आता पडद्यावर अडू लागली, आणि पडद्याशी भांडता येत नाही. २०२० च्या टाळेबंदीत प्रस्तुत लेखक वर्ग घेत असताना सातपुड्याच्या पायथ्याकडील काही विद्यार्थी धुऱ्यावरच्या उंचवट्यावर उभे राहून हजेरी देत. घरातला एकच मोबाईल वडील ओलिताला जाताना घेऊन गेले, की त्या दिवशीची गैरहजेरी पटावर लागे. एका विद्यार्थिनीने सत्राअखेर आपल्या गैरहजेरीचा हिशेब स्वतःच लिहून आणला होता. त्यात आजारपणाचा एकही दिवस नव्हता.